मेजर जनरल खंडुरी यांची संसदीय कारकीर्द: मोठे काम कोणते, महामार्ग की २०१८ चा अहवाल?

पंचवटीकर

मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांचे नाव निघाले की बहुतेकांच्या बोलण्यात आधी दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणारा सुवर्ण चतुर्भुज महामार्ग येतो आणि त्यांच्याविषयीची चर्चा तिथेच संपते. १९५४ मध्ये लष्कराच्या अभियंता दलात रुजू झालेला, अति विशिष्ट सेवा पदकाचा मानकरी असलेला हा अधिकारी १९९० मध्ये निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी भारतीय जनता पक्षाच्या तिकिटावर गढवालमधून लोकसभेत पोहोचला. १९९६ मध्ये ते हरले; पण १९९८, १९९९, २००४ आणि २०१४ मध्ये जिंकले. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात त्यांनी रस्ते वाहतूक आणि महामार्ग हे खाते सांभाळले आणि मधल्या काळात दोनदा उत्तराखंडचे मुख्यमंत्रिपद भूषवले.

हा विषय नाशिकच्या मंडळींपुढे मांडण्याचे कारण आहे. देवळालीची छावणी, नाशिकरोडचे तोफखाना केंद्र, भोसला मिलिटरी स्कूल आणि ओझरचा विमान कारखाना असा शेजार लाभलेल्या आपल्या शहरात, एखाद्या पदकप्राप्त निवृत्त अधिकाऱ्याला उमेदवारी दिली की राजकारणाला शिस्त लागेल, हे मत निवडणूक जवळ आली की हमखास ऐकू येते. ते मांडणारे उदाहरण म्हणून खंडुरींचे रस्ते दाखवतात. मला हे उदाहरण चुकीच्या जागी बोट ठेवणारे वाटते.

रस्त्यांचे काम मंत्र्याचे होते. खासदार म्हणून त्यांनी केलेले सर्वांत मोलाचे काम मार्च २०१८ मध्ये संसदेपुढे आले. तेव्हा ते संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष होते. त्या वर्षीच्या अनुदानाच्या मागण्यांवरील (म्हणजे खात्याने संसदेकडे मागितलेल्या खर्चावरील) अहवालात समितीने लष्कराच्या उपप्रमुखांची साक्ष जशीच्या तशी लोकांपुढे ठेवली: सैन्याकडची ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के चालू काळातली आणि केवळ ८ टक्के अद्ययावत. वास्तविक जुनी सामग्री तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असू नये, असे खुद्द लष्कराचेच मत आहे. आधुनिकीकरणासाठी २१,३३८ कोटी रुपये मंजूर झाले होते आणि आधीच झालेल्या १२५ करारांपोटी २९,०३३ कोटी रुपये देणे होते, म्हणजे नवी खरेदी दूरच, जुने देणेही त्या रकमेतून भागणार नव्हते. सत्ता त्यांच्याच पक्षाची, संरक्षणमंत्री त्यांच्याच पक्षाच्या, आणि तरीही या आकड्यांवर पांघरूण घातले गेले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीची पुनर्रचना झाली आणि अध्यक्षपद कलराज मिश्र यांच्याकडे गेले.

सैनिकाने संसदेत जाऊन करायचे काम हेच आहे, असे माझे मत आहे. पूल आणि बोगदे बांधून घेणारे कर्तबगार लोक नागरी सेवेतही सापडतात; पण समोर बसलेल्या जनरलला नेमका कोणता प्रश्न विचारायचा आणि त्याच्या उत्तरातली कोणती ओळ गाळू द्यायची नाही, हे जाणणारा अध्यक्ष दुर्मीळ असतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी सविस्तर लिहावे.

तोफखाना_निवृत्त

पंचवटीकर साहेब, मी देवळालीत राहतो आणि तोफखान्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे सैनिकाची बाजू आपण मांडलीत याचा आनंद आहे. तरीही आपला निष्कर्ष मला मान्य नाही.

पदकापासून सुरुवात करतो. अति विशिष्ट सेवा पदक हे शौर्यपदक नव्हे. परमवीर, महावीर आणि वीर चक्र रणांगणावरच्या पराक्रमासाठी असतात. विशिष्ट सेवा पदकांची मालिका ही दीर्घ आणि असाधारण सेवेसाठी असते व ती बहुतांशी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या छातीवर दिसते. यात कमीपणा काही नाही. उलट खंडुरींची खरी गुणवत्ता त्यातूनच कळते. अभियंता दलाच्या अधिकाऱ्याचे आयुष्य पूल, रस्ते, सुरुंग, कंत्राटे, मोजमापे आणि मुदती यांत जाते. अशा माणसाकडे महामार्ग खाते सोपवणे म्हणजे योग्य माणूस योग्य जागी नेमणे होय, आणि लष्करात तर सगळ्यात मोठी कला तीच मानतात. म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीचा कळस २००० ते २००४ या काळात आहे, असे मी म्हणेन.

आता अहवालाकडे येतो. समितीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. अहवालाचा मसुदा सचिवालय तयार करते. आपण दिलेले आकडे खंडुरींनी शोधून काढले नव्हते. ते उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी आपणहून मांडले होते. धाडसच मोजायचे असेल तर गणवेशात असताना अर्थसंकल्पाने निराशा केली असे समितीपुढे सांगणाऱ्या अधिकाऱ्याचे मोजावे. निवृत्त होऊन जवळपास तीन दशके लोटलेल्या आणि वयाची ८३ वर्षे ओलांडलेल्या खासदाराने ते छापले, यात किती जोखीम होती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाशी संबंधित आहे. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळालीत संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत एम-७७७ आणि के-९ वज्र या तोफा तोफखान्यात दाखल झाल्या. १९८६ च्या बोफोर्स करारानंतर तीन दशके आम्ही नव्या तोफेची वाट पाहिली होती, त्यामुळे त्या दिवसाचे मोल बाहेरच्या माणसाला पूर्णपणे कळणार नाही. मात्र १४५ एम-७७७ तोफांचा करार २०१६ चा आणि १०० वज्र तोफांचा करार २०१७ चा. दोन्ही त्या अहवालाच्या आधीचे. अहवालामुळे तोफ आली असे कोणी म्हणू नये, इतकेच सुचवतो. अहवाल ही शिफारस असते, हुकूम नव्हे, आणि त्या शिफारशीनंतर अर्थसंकल्पात काय बदलले हे आपण लिहिलेले नाही.

द्राक्षबाग_पिंपळगाव

दोन्ही ज्येष्ठांचे लेखन वाचले. रस्त्यांची इतकी स्तुती चालली आहे म्हणून एक आठवण करून देतो: सुवर्ण चतुर्भुज आपल्या नाशिकवरून गेलाच नाही. दिल्ली-मुंबईची बाजू जयपूर, अहमदाबाद, सुरत या मार्गाने आली. आपला मुंबई-आग्रा महामार्ग चौपदरी झाला तो राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यात, तोही टोल भरून, आणि तोवर मंत्री बदलले होते. कसारा घाटातून द्राक्षांच्या आणि कांद्याच्या गाड्या वर्षानुवर्षे ज्या अवस्थेत उतरत होत्या ती पाहिलेल्या माणसाला खंडुरींच्या रस्त्यांचे कौतुक ऐकीवच राहते. खंडुरी चांगले मंत्री होते, याविषयी वाद नाही. पण त्या मंत्र्याचे यश नाशिककरांनी आपल्या उमेदवाराच्या निवडीसाठी प्रमाण का मानावे, हे मला अजून कळलेले नाही.

अभिवक्ता_गंगापूररोड

या चर्चेत दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: सैनिकी पार्श्वभूमीमुळे खंडुरी चांगले मंत्री किंवा चांगले खासदार झाले. वाद फक्त कोणत्या भूमिकेत अधिक चांगले, एवढाच उरला आहे. मला ते गृहीतकच तपासायचे आहे.

पहिला मुद्दा महामार्गांच्या काळातलाच आहे. सत्येंद्र दुबे हे कानपूरच्या आयआयटीतून शिकलेले तरुण अभियंते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुर्भुजच्या झारखंड-बिहारमधल्या कामावर होते. कंत्राटांमधल्या गैरव्यवहारांविषयी त्यांनी २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासकट कार्यालयाकार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाने ती लुटीच्या प्रयत्नातली हत्या ठरवली आणि २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली, त्यामुळे हत्येचा दोष कोणत्याही मंत्र्यावर टाकता येत नाही आणि मी तो टाकत नाही. परंतु ज्या खात्याच्या शिस्तीचे गोडवे आपण गातो, त्या खात्याच्या छत्राखाली एका कनिष्ठ अधिकाऱ्याची तक्रार सुरक्षित राहू शकली नाही, ही नोंद त्या स्तुतीच्या शेजारी असलीच पाहिजे. वरून खाली आदेश चोख जातो, ही लष्करी शिस्तीची ताकद आहे. खालून वर आलेली अप्रिय माहिती कशी जपायची, हा लोकशाही कारभाराचा प्रश्न निराळा आहे. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणासाठी केंद्राचा ठराव २००४ मध्ये आला, तोही या प्रकरणाचा गदारोळ झाल्यावर.

दुसरा मुद्दा अहवालाचा. दारूगोळ्याच्या टंचाईविषयी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल जुलै २०१७ मध्ये, म्हणजे समितीच्या त्या अहवालाच्या आठ महिने आधी संसदेत मांडला गेला होता. तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तो लिहिणाऱ्या लेखापरीक्षकांनी आयुष्यात बंदूक उचललेली नसेल. तपासणीची पद्धत पक्की असली की गणवेशाशिवायही सत्य बाहेर येते.

तिसरे उदाहरण खास नाशिकचे. १९६२ च्या पराभवानंतर कृष्ण मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते आपल्याच नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. स्वातंत्र्यसैनिक, वकील, राज्याचे मुख्यमंत्री अशी त्यांची वाटचाल होती. लष्करी सेवा नव्हती. खचलेल्या सैन्याची फेरउभारणी, पर्वतीय विभागांची वाढ, पंचवार्षिक संरक्षण योजना, आणि १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना, हे सगळे त्यांच्या काळातले आहे. १९६५ च्या युद्धात तेच संरक्षणमंत्री होते. जनरलांचे म्हणणे ऐकून घ्यायचे आणि निर्णय मात्र स्वतः घ्यायचा, हे त्यांना जमले याचे एक कारण कदाचित हेच असावे की ते स्वतः त्या पदश्रेणीच्या बाहेरचे होते.

पंचवटीकर

ताई, यशवंतरावांचे उदाहरण आपण आणलेत हे बरे झाले, कारण "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे वाक्य लहानपणापासून ऐकलेल्या नाशिककराला ते उदाहरण खोडून काढणे जड जाते. मी ते खोडणारही नाही. चव्हाणांच्या वेळी देश हरलेला होता, तिजोरी संरक्षणासाठी उघडलेली होती आणि कोणता प्रश्न विचारायचा हे पराभवानेच सांगून ठेवले होते. २०१८ मध्ये तसे काही नव्हते. सर्व काही आलबेल आहे असा सूर असताना प्रश्न उकरून काढावा लागतो, तिथे जाणकार माणसाची गरज लागते.

महालेखापरीक्षकांचा दाखला मात्र माझ्याच बाजूचा आहे. ते साठा मोजतात आणि झालेल्या खर्चाचा हिशेब मांडतात. अर्थसंकल्प संमत होण्याच्या आत, पुढच्या वर्षाची तरतूद अपुरी आहे हे आकड्यानिशी सांगणे हे त्यांचे काम नव्हे, ते स्थायी समितीचे. दोन्ही अहवाल एकत्र वाचले तर साठा का कमी आहे आणि तो का भरून निघणार नाही, हे दोन्ही कळते.

तोफखानासाहेबांनी सचिवालय आणि ३१ सदस्यांचा उल्लेख केला. मसुदा सचिवालय करते हे खरे; परंतु साक्षीतला कोणता भाग उद्धृत करायचा, कोणता गोपनीय म्हणून गाळायचा आणि भाषा किती सौम्य करायची, यावर अध्यक्षाची छाप असते. या समित्या १९९३ पासून आहेत. त्यांचे कामकाज बंद दाराआड चालते आणि तिथे पक्षादेश सहसा चालत नाही, म्हणूनच त्यांचा उपयोग आहे. त्या मोकळीकीचा वापर सत्ताधारी पक्षाच्या किती अध्यक्षांनी स्वतःच्या सरकारला अडचणीत आणण्यासाठी केला, असा विचार करून पाहावा.

रस्तेबांधणी_निवृत्त

सार्वजनिक बांधकामात आयुष्य घालवले असल्यामुळे महामार्गांविषयी थोडे लिहितो, कारण इथे स्तुती आणि टीका दोन्ही ढोबळ होत आहेत.

प्रकल्पाची कल्पना खंडुरींची नव्हती. ती वाजपेयींनी १९९८ मध्ये जाहीर केली आणि काम सुरू झाले तेव्हा खाते दुसऱ्याकडे होते. भूपृष्ठ वाहतूक खात्याचे विभाजन होऊन महामार्गांचे वेगळे खाते झाले आणि नोव्हेंबर २००० मध्ये ते खंडुरींकडे आले. ते पूर्णही त्यांच्या काळात झाले नाही. ५,८४६ किलोमीटरचा तो चौकोन पुरा झाल्याची घोषणा जानेवारी २०१२ मध्ये झाली. म्हणजे आरंभ त्यांचा नाही आणि शेवटही नाही.

मग त्यांचे काय? मधला सगळ्यात किचकट भाग त्यांचा. रस्त्याचे काम खडी-डांबरासाठी क्वचित अडते. ते अडते भूसंपादनासाठी, पैशाच्या अनिश्चिततेसाठी आणि कडेच्या अतिक्रमणांसाठी. पेट्रोल-डिझेलवरच्या उपकराला कायद्याचा आधार देणारा केंद्रीय रस्ते निधी कायदा २००० च्या डिसेंबरमधला आहे. त्यामुळे दर लिटरमागे येणारा रुपया रस्त्यांसाठी बांधला गेला आणि डिझेलवरच्या उपकरातला अर्धा वाटा ग्रामीण रस्त्यांकडे वळला. महामार्गाच्या जमिनीवरची अतिक्रमणे हटवण्याचा अधिकार देणारा राष्ट्रीय महामार्ग (भूमी व वाहतूक) नियंत्रण कायदा २००२ चा. हे दोन्ही कायदे संसदेने केले आणि खाते खंडुरींचे होते. पंचवटीकरांनी मंत्री आणि खासदार यांच्यात जी भिंत उभी केली आहे ती इथे टिकत नाही. सभागृहात विधेयक मांडणे, त्यावरची टीका ऐकणे आणि ते संमत करून घेणे हेही संसदीय कामच आहे.

पिंपळगावच्या मित्रांना सांगतो की आपला महामार्ग पुढे ज्या प्राधिकरणाने आणि ज्या कंत्राटपद्धतीने रुंद केला, तिची घडी याच वर्षांत बसली. टोलविषयीची आपली तक्रार मात्र मी खोडणार नाही.

नाशिकरोडचा_विद्यार्थी

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असल्यामुळे एक प्रश्न विचारावासा वाटतो. खंडुरींना समितीच्या अध्यक्षपदावरून हटवले असे सर्रास म्हटले जाते, आणि मार्च २०१९ मध्ये त्यांचे चिरंजीव काँग्रेसमध्ये गेले तेव्हा राहुल गांधी यांनी देहरादूनच्या सभेतही तसेच सांगितले होते. परंतु या समित्यांची मुदत एकच वर्षाची असते आणि त्या दरवर्षी नव्याने नेमल्या जातात. तसे असेल तर हटवले म्हणणे योग्य आहे का?

अभिवक्ता_गंगापूररोड

नियमाच्या दृष्टीने हटवले असे म्हणता येत नाही. मुदत संपली आणि नवी नेमणूक झाली. मात्र २०१४ पासून दरवर्षी त्यांनाच पुन्हा नेमले जात होते आणि लोकसभेचे शेवटचे काही महिने उरले असताना ती परंपरा मोडली, हेही तितकेच खरे आहे. कारण सांगितले गेले नाही, म्हणून कारणाविषयी ठाम बोलणे मी टाळीन.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे वर्तन. खंडुरी पक्षातच राहिले, २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही आणि आपल्या अहवालाचे पुढे काय झाले यावर त्यांनी मोहीमही उघडली नाही. सैनिकाला हे शोभून दिसते: बदलीचा आदेश आला, बिस्तरा बांधला. लोकप्रतिनिधीला ते शोभते का? लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्याशी तुलना करून पाहा. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती ज्यांनी स्वीकारली ते अरोरा १९८४ नंतर शीख समाजावरील अन्यायाविषयी उघडपणे बोलत राहिले आणि १९८६ ते १९९२ या काळात अकाली दलाचे राज्यसभा सदस्य होते. त्यांच्या मतांशी कोणी असहमत असू शकेल, पण खासदाराने आदेशाची वाट पाहायची नसते, हे त्यांना उमगले होते.

तोफखाना_निवृत्त

ताई, बिस्तरा बांधण्याचा आपला टोमणा मनाला लागला, तरीही सोडून देतो. अरोरा यांना एका समाजाचे दुःख मांडायचे होते आणि त्या दुःखाला पक्षही मिळाला. सैन्याच्या उणिवा चव्हाट्यावर मांडत फिरणे ही वेगळी गोष्ट आहे. जे सांगायचे ते संसदेच्या पटलावर लेखी सांगून झाल्यावर वृत्तवाहिन्यांवर जाऊन पुन्हा पुन्हा सांगितल्याने शत्रूखेरीज कोणाचा फायदा झाला असता? या ठिकाणी मी खंडुरींच्या बाजूने आहे.

पंचवटीकरांना मात्र एक गोष्ट विचारतो, कारण त्यांच्या मांडणीत ती सुटली आहे. २०१४ मध्ये लोकसभेवर गेलेले सैन्यातले सर्वांत नामवंत गृहस्थ खंडुरी नव्हते, ते माजी लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग होते. परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि युद्ध सेवा अशी तिन्ही पदके त्यांच्याकडे आहेत, आणि गाझियाबादमधून ते साडेपाच लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. २०१२ मध्ये लष्करप्रमुख असताना रणगाड्यांच्या दारूगोळ्याच्या तुटवड्याविषयी त्यांनी पंतप्रधानांना लिहिलेले पत्र फुटले आणि देशभर गाजले होते. म्हणजे २०१८ च्या अहवालाचा विषय त्यांच्या इतका कोणालाच माहीत नव्हता. ते त्या समितीत का नव्हते?

पंचवटीकर

कारण ते मंत्री होते आणि मंत्र्याला स्थायी समितीचा सदस्य होता येत नाही. साहेब, आपण विचारलेल्या प्रश्नातच माझे म्हणणे दडलेले आहे. नावाजलेला सैनिक निवडून येतो, पक्षाला त्याच्या लौकिकाचा उपयोग करून घ्यायचा असतो, म्हणून त्याला राज्यमंत्री करतात, आणि त्या क्षणापासून सामूहिक जबाबदारीमुळे त्याला आपल्याच सरकारला प्रश्न विचारता येत नाही. जनरल सिंग परराष्ट्र खात्यात गेले. २०१५ मध्ये येमेनमधून भारतीयांना सोडवून आणण्याचे काम त्यांनी जातीने उभे राहून केले आणि ते उत्तमच होते. ऑलिम्पिक रौप्यपदकविजेते कर्नल राज्यवर्धन राठोड माहिती व प्रसारण आणि क्रीडा खात्यात गेले. २०१४ मध्ये खंडुरी ऐंशीच्या घरात होते, त्यांना मंत्रिपद मिळाले नाही, आणि केवळ म्हणून संरक्षण समिती त्यांच्या वाट्याला आली. पक्षाने ज्यांना बाजूला बसवले त्यांनीच सैन्याचे म्हणणे संसदेत पोहोचवले.

म्हणून रस्तेबांधणीसाहेबांचे दोन कायदे मान्य करूनही माझे मत कायम आहे. मंत्री खंडुरींच्या जागी दुसरा कार्यक्षम माणूस कल्पून पाहता येतो. समितीच्या अध्यक्षपदी, त्याच पक्षाचा, तो अहवाल तसाच पटलावर ठेवणारा दुसरा माणूस मला तरी कल्पून पाहता येत नाही.

अभिवक्ता_गंगापूररोड

म्हणजे आपला आदर्श सैनिक-खासदार हा अपघाताने घडलेला आहे, हे आपणच लिहून दिलेत. अपघातावर उमेदवार निवडण्याचे धोरण कसे आखणार? त्यापेक्षा जनरल सिंग यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. ते ३१ मे २०१२ रोजी निवृत्त झाले आणि दोन वर्षांच्या आत लोकसभेत होते, खंडुरींचेही तसेच. निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्याला व्यापारी कंपनीत नोकरी धरायची तर ठरावीक काळ परवानगी घ्यावी लागते, निवडणूक लढवायला मात्र कसलीच आडकाठी नाही. सेवेत असताना राजकारणापासून पूर्ण अलिप्त राहण्याचे बंधन ज्याच्यावर आहे, त्याने निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी पक्षाचा झेंडा घेतला तर हाताखालच्या जवानांना मागच्या निर्णयांविषयी काय वाटावे? पाच वर्षांचा खंड कायद्याने सक्तीचा करावा, असे माझे मत आहे.

तोफखाना_निवृत्त

पाच वर्षांचा खंड न्यायाधीशांना लावा, सनदी अधिकाऱ्यांना लावा, मग आमच्याकडे या. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. त्याने ग्रामपंचायत लढवण्याआधी पाच वर्षे थांबायचे का? आणि फक्त जनरलांपुरता नियम करायचा म्हटले तर समान वागणुकीच्या तत्त्वाचे काय, हे आपल्यासारख्या वकिलांनीच सांगावे.

द्राक्षबाग_पिंपळगाव

चर्चा दिल्लीत रमली आहे म्हणून पुन्हा जिल्ह्यात आणतो. नाशिकच्या खासदाराचे पाच वर्षांतले किती दिवस संरक्षणाच्या प्रश्नात जातील? कांद्याची निर्यात अचानक बंद होते, द्राक्षांच्या हंगामात अवकाळी येतो, गोदावरीच्या पाण्यावरून मराठवाड्याशी दरवर्षी तंटा होतो. खंडुरींची शिस्त जगजाहीर असूनही ते मुख्यमंत्री असताना २००९ च्या लोकसभेत उत्तराखंडच्या पाचही जागा त्यांच्या पक्षाने गमावल्या, आणि २०१२ मध्ये "खंडुरी है जरूरी" ही घोषणा राज्यभर दुमदुमत असताना ते स्वतः कोटद्वारमधून पडले. गढवाल रायफल्सचे केंद्र ज्या मुलखात आहे, जिथे घराघरांत सैनिक आहे, तिथल्या मतदारानेही गणवेशाकडे पाहून मत दिले नाही.

तोफखाना_निवृत्त

आपण पराभव मोजलेत, भाऊ, पण २०१४ मोजायचे विसरलात. कोटद्वारनंतर दोनच वर्षांनी त्याच मुलखाने त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवले. कांद्याविषयी म्हणाल तर निर्यातबंदी उठवण्यासाठी वाणिज्य मंत्रालयाच्या दारात कागदपत्रे घेऊन चिकाटीने बसणारा माणूस हवा आहे. तो शिपाई असो, वकील असो की बागायतदार. देवळालीत असे दोन-तीन निवृत्त अधिकारी माझ्या माहितीचे आहेत ज्यांना बाजार समितीचा व्यवहार तोंडपाठ आहे. त्यांना तिकीट कोणी देईल असे मात्र मला वाटत नाही, कारण त्यांच्याकडे ना पदक आहे ना पैसा.